'जप्ती' आणि 'सरकारजमा'

'जप्ती'चे मूळ अरबी असून त्याचा अर्थ धरून ठेवणे असा आहे. जप्तीत ताबा जातो, मालकी नव्हे. मालमत्ता 'सरकारजमा' झाली की मालकीही संपते. १९१० मध्ये नाशिक कट खटल्यात वि. दा. सावरकरांना जन्मठेपेसोबत ही शिक्षाही झाली. तेथे निदान दोषसिद्धी आधी होती. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ मध्ये, गुन्ह्यातून मिळालेली मालमत्ता सरकारजमा करण्यासाठी दोषसिद्धीची अट नाही. ती असावयास हवी. अंतरिम जप्ती तर नोटिशीपूर्वीही होऊ शकते. नोटिशीला १४ दिवसांत उत्तर न दिल्यास एकतर्फी आदेश निघू शकतो. 'जप्त' हा शब्द वाचून सारे संपले असे समजणारा मालक नेमके हेच १४ दिवस गमावतो.