पटावर कोणाला बसवावे?

बुद्धिबळाच्या पटावरील राजा कोणत्या देशाचा, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. दोन्ही बाजूंस तेच हत्ती, तेच उंट, तेच घोडे आणि आठ-आठ प्यादी. रंगाखेरीज दोहोंत भेद नसल्यामुळे कोणाला वगळले, कोणाला हीन लेखले, ही तक्रार त्या खेळात संभवतच नाही. प्याद्यांना नावे देताच मात्र तंटा सुरू होतो. आज मुले संगणकावर जे डावपेचांचे खेळ खेळतात, त्यांत प्रत्येक बाजूला इतिहासातील एका लोकसमूहाचे नाव असते. ही नावे कोणी, कोणत्या कसोटीने निवडली, आणि त्याच कसोटीला आपला वर्धा जिल्हा लावला तर काय हाती लागते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ज्या वाचकांनी हे खेळ पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण हवे. खेळणारा एका समाजाचा कारभार हाती घेतो. आरंभी त्याच्याजवळ एखादी वस्ती असते. पुढे तो नगरे वसवितो, शेते पिकवितो, विद्या आणि शस्त्रे मिळवितो, शेजाऱ्याशी तह करतो किंवा त्याला बुडवितो. चार-सहा हजार वर्षांचा काळ एखाद्या रविवारी संपतो. या जातीचा एक पटावरचा खेळ फ्रान्सिस ट्रेशम या इंग्रज गृहस्थांनी १९८० साली काढला. त्याचा नकाशा भूमध्य समुद्राभोवतीचा असल्यामुळे भारत त्यात पटाबाहेरच राहिला. पुढे १९९१ साली अमेरिकेत सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी ‘सिव्हिलायझेशन’ याच नावाचा संगणकावरचा खेळ रचला, आणि तो जगभर गेला.

त्या पहिल्या खेळात चौदा नावे होती. रोमन, ग्रीक, इजिप्शियन, बाबिलोनी, चिनी, भारतीय ही अपेक्षितच म्हणावीत. झुलू आणि अझ्टेक होते, ही चांगली गोष्ट. पण इराणी नव्हते, अरब नव्हते, जपानी नव्हते. अमेरिकन मात्र होते, आणि इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी तेही इतरांबरोबर जंगलातून निघून वॉशिंग्टन नगर वसवीत! यात लबाडी होती असे आम्हांस वाटत नाही. माल जेथे खपायचा तेथील गिऱ्हाइकाला आपले नाव पटावर दिसले पाहिजे, हा साधा व्यवहार आहे. मात्र ती यादी इतिहासाने दिलेली नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

इतिहासाने तरी ती कोठे दिली आहे? आर्नल्ड टॉयन्बी यांनी १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या प्रचंड ग्रंथात एकवीस संस्कृती मोजल्या. त्यात भारताच्या वाट्याला एक नव्हे, दोन आल्या: एक प्राचीन आणि तिच्यातून निपजलेली दुसरी हिंदू. पुढे त्यांनीच आपली मोजदाद फिरविली. त्यांच्या आधी श्पेंग्लर यांनी आठ मोजल्या होत्या. थोर पंडितांचा जेथे मेळ बसत नाही तेथे खेळ करणाऱ्यांनी काही नावे निवडून पुढे जावे, याबद्दल त्यांना दोष देणे कठीण आहे. दोष असेल तर तो निवडीत नाही, निवडीमागच्या न बोललेल्या नियमांत आहे.

ते नियम असे. पटावर बसू पाहणाऱ्याला प्रथम स्वतःचे एक नाव हवे. मग एक राज्यकर्ता हवा, कारण समोरच्या बाजूस कोणाचा तरी चेहरा दाखवावा लागतो. मग राजधानी आणि तिच्यामागून वसवावयाच्या नगरांची लांब यादी हवी. शेवटी, पुढील आवृत्त्यांत तर आवश्यकच झालेला, असा एक खास शिपाई हवा, जो इतर कोणाजवळ नाही. थोडक्यात, दरबार, कोतवाली आणि फौज ज्याच्याजवळ आहे तो सुसंस्कृत. जे या परीक्षेत उतरत नाहीत ते पटावरून नाहीसे होतात असेही नाही. याच खेळात रिकाम्या मुलखातून मधूनमधून ‘रानटी’ टोळ्या निघतात आणि वसलेल्या नगरांवर चालून येतात. त्यांना नाव नाही, राजा नाही, त्यांच्याशी तह करता येत नाही. निवड न झालेल्यांची अशी व्यवस्था लावलेली आहे, आणि मुलाच्या मनावर नकळत ठसा उमटतो तो येथे.

आता वर्धेकडे वळू. वर्धेचा या खेळाशी संबंध थेट आहे, कारण १९९१ सालापासून भारताच्या आसनावर बसविलेले पुढारी म्हणजे महात्मा गांधी. राजधानी दिल्ली. पाचव्या आवृत्तीत, २०१० साली, तर गांधीजींच्या हाताखाली युद्धाचे हत्ती आणि मुघल किल्ला असा सरंजाम दिला गेला. तीन वेगळ्या काळांची ही खिचडी पाहून हसू येते. पण हसण्यापलीकडचा एक मुद्दा आहे. गांधीजी एप्रिल १९३६ मध्ये शेगावास राहावयास गेले. ते गाव पुढे सेवाग्राम झाले. तेव्हा ते कोणत्याही राज्याचे तर राहोच, काँग्रेसचेही साधे सदस्य नव्हते. ते सदस्यत्व त्यांनी १९३४ सालीच सोडले होते. तरीही १४ जुलै १९४२ रोजी इंग्रजांनी भारत सोडावा अशी मागणी करणारा ठराव काँग्रेस कार्यकारिणीने केला तो वर्धेस, कारण विचार घ्यावयाचा माणूस येथे मातीच्या कुटीत राहत होता. राजधानी नाही, फौज नाही, अधिकारपद नाही, आणि देश ऐकतो. खेळाच्या नियमांत ही स्थिती मांडताच येत नाही. म्हणून खेळाने काय केले, तर त्यांना दिल्लीस नेले आणि हत्ती दिले.

याच संदर्भात एक दंतकथा फार पसरली आहे, तिचाही निकाल लावू. कथा अशी की, खेळात प्रत्येक पुढाऱ्याच्या आक्रमकपणाला एक अंक दिलेला होता. गांधींचा अंक सर्वांत कमी, म्हणजे एक. लोकशाही स्वीकारली की त्यातून दोन वजा होत. संगणकाच्या त्या खान्यात शून्याखालचा अंक मावत नसल्यामुळे तो उलटून २५५ होई, आणि गांधीजी शेजाऱ्यांवर अणुबाँब टाकू लागत. कथा इतकी सुबक आहे की ती खरी असावी असे कोणालाही वाटावे. परंतु खुद्द सिड मायर यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात असा दोष खेळात कधी नव्हताच, असे सांगितले. खरे आहे ते एवढेच की पाचव्या आवृत्तीच्या रचनाकाराने गंमत म्हणून गांधींची अण्वस्त्रांची आवड दहाच्या मापावर बारा ठेवली. ही थट्टा आम्हांस कोणाच्या द्वेषातून आलेली वाटत नाही. जो माणूस पटावर बसूच शकत नाही त्याला तेथे बसविले की विनोदच होणार.

मग वर्धेच्या मातीतून पटावर बसण्यासारखे कोण आहे? खेळाचे नियम तसेच धरले, तर पहिला मान वाकाटकांचा. धाम नदीच्या काठच्या पवनार गावी वाकाटककालीन शिल्पे सापडली. १९३८ साली विनोबा तेथे राहावयास गेल्यावर परंधाम आश्रमाच्या जमिनीतून रामकथेचे प्रसंग कोरलेले पाषाण निघाले. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने तेथे उत्खनन केले. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मत मांडले. पुढे रामटेकजवळच्या मनसर येथील उत्खननानंतर काही अभ्यासकांनी प्रवरपूर तिकडे नेले, आणि हा वाद मिटलेला नाही. पण कुळ कोणतेही असो, चेहरा हवा असेल तर प्रभावतीगुप्तेसारखा दुसरा मिळणे कठीण. ती दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या आणि दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. पतीच्या निधनानंतर, पाचव्या शतकाच्या आगेमागे, तिने अल्पवयीन पुत्रांच्या वतीने राज्य चालविले. पुणे ताम्रपट म्हणून प्रसिद्ध असलेल्या तिच्या दानपत्रात वंशावळ दिली आहे ती सासरची नव्हे, माहेरच्या गुप्तांची! या एका गोष्टीवरून तिचा स्वभाव आणि त्या काळचे राजकारण दोन्ही दिसतात. खेळाला लागणारे आश्चर्यही या घराण्याजवळ आहे. वत्सगुल्माच्या, म्हणजे वाशीमच्या शाखेतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले, असे तेथील लेख सांगतो.

वाकाटक बसतात, कारण त्यांनी ताम्रपट ठेवले. त्यांच्या हजार वर्षे आधीचे लोक बसत नाहीत, कारण त्यांनी नाव ठेवले नाही. आर्वी तालुक्यातील खैरवाड्यास शिलावर्तुळे आहेत. दगडांची कडी रचून त्यांत मृतांना ठेवणाऱ्या लोकांची ही स्मशाने. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात याच लोकांची नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, आणि माहुरझरीला तांब्याच्या अलंकारांनी सजविलेले घोडे पुरलेले मिळाले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात विदर्भात लोखंड गाळणारे, घोडा बाळगणारे हे लोक स्वतःला काय म्हणवीत ते कोणी लिहून ठेवले नाही. खेळात लोखंड नकाशाच्या चौकोनावर आयते उगवलेले असते. ज्याचे नगर जवळ, त्याचे ते. ते प्रथम कोणी गाळले याला तेथे जागा नाही.

गोंडांचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि आमच्या मते या विषयाची खरी कसोटी तोच आहे. नियमांप्रमाणे पाहिले तर त्यांना आसन मिळण्यास काहीच अडचण नाही. देवगड आणि चांदा ही त्यांची राज्ये. चांद्याचा परकोट आजही उभा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविले ते देवगडच्या बख्त बुलंदाने. या जिल्ह्याचा मुलूख याच राज्यांच्या छायेत होता. तरीही तयार करणाऱ्याच्या हातून गोंड ‘रानटी टोळ्यां’त पडण्याचीच शक्यता अधिक, कारण शहरात बसून रानाकडे पाहण्याची सवय आपल्याकडेही तीच आहे.

२०२५ साली निघालेल्या सातव्या आवृत्तीत खेळाचे तीन कालखंड पाडून प्रत्येकात वेगळे नाव घेण्याची सोय केली आहे. भारतासाठी तेथे मौर्य, चोळ आणि मुघल अशी नावे दिसतात. तोच साचा आपल्याकडे लावला तर वाकाटक, गोंड, भोसले अशी सुबक शिडी उभी राहते. ‘एका भारताचे तुकडे करून दाखवा’ या मागणीला हे उत्तर पुष्कळच बरे आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या दुसऱ्या भागातही २०१३ साली नुसते ‘भारतीय’ होते. २०२२ साली त्यांचे हिंदुस्थानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड असे चार झाले. देवगिरीच्या यादवांना मात्र तेथेही स्वतंत्र नाव मिळाले नाही. पण शिडीचा दोष असा की वरची पायरी आली की खालची संपली असे दिसते. भोसल्यांचा अंमल बसल्यावरही गोंड राजाचा वंश नागपुरास नाममात्र मानाने नांदत होता, आणि गोंड लोक तर आज या जिल्ह्यात आपले शेजारी आहेत. ते कोणत्याही कालखंडात संपलेले नाहीत.

शेजारी हयात असताना त्याला पटावर बसवावयाचे तर त्याला विचारावे की नाही? हा प्रश्न काल्पनिक नाही. पाचव्या आवृत्तीच्या वेळी अमेरिकेतील प्वेब्लो लोकांचा १६८० च्या उठावाचा नायक पोपे याला खेळात आणण्याचे ठरले होते. त्या समाजाच्या प्रमुखांनी त्याचे रूप दाखविण्यास हरकत घेतली, तेव्हा तो बेत सोडून शोशोनी लोकांना घेतले गेले. २०१८ साली कॅनडातील क्री लोकांचा एकोणिसाव्या शतकातील नायक पाउंडमेकर याला विचारल्याशिवाय खेळात आणले. तेथील एका पुढाऱ्याने जाहीर आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की, दुसऱ्यांची भूमी जिंकणे हे आमचे ध्येय नव्हते. खेळ मात्र ते आमच्यावर लादतो. हा आक्षेप सेवाग्रामच्या माणसालाही जसाच्या तसा लागू पडतो.

यावरून आम्ही आपली निवड सांगतो. वाकाटकांना आसन द्यावे. गोंडांना त्यांच्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या राज्यासह आणि त्यांच्यातील जाणत्यांना विचारून द्यावे. नाही म्हणाले तर जागा मोकळी ठेवावी. गांधीजींना राजाच्या आसनावरून उठवावे. त्यांच्यासाठी खेळात नवा नियम लागेल, ज्यात एखादा बिनपदाचा माणूस एका खेड्यात बसतो आणि समोरच्या बाजूचे कर वसूल होत नाहीत, कचेऱ्या चालत नाहीत. हा नियम लिहिणे अवघड असेल. हत्ती काढणे सोपे होते.

राहता राहिली वाकाटकांच्या नगरांची यादी. नंदिवर्धन, प्रवरपूर, वत्सगुल्म, पद्मपूर, इतकी नावे सहज मिळतात, आणि मग खेळाला आणखी पंधरा-वीस लागतात. येथे पुणे ताम्रपट पुन्हा कामी येतो. प्रभावतीगुप्तेने त्यात सुप्रतिष्ठ आहारातील दंगुण नावाचे गाव चनालस्वामी या आचार्याला दिले आहे. मिराशींच्या मते ते दंगुण म्हणजे आपले हिंगणघाट. तेव्हा पाचवे नगर म्हणून दंगुण घालावे, आणि त्या ताम्रपटात चतुःसीमा सांगताना आलेली आसपासची खेडीही त्याच्यामागून घालावीत. ती नगरे नव्हती खरी. पण त्यांची नावे राहिली आहेत.