आधी उंदराला दिसतं का ते पाहा

जनुक बंद केलेल्या उंदराला हौदातल्या गढूळ पाण्याखालचा फलाट सापडला नाही, की ‘स्मरणशक्तीचा जनुक सापडला’ म्हणायची घाई होते. पण एफव्हीबी आणि सी३एच या नेहमीच्या वाणांत दृष्टिपटल काही आठवड्यांतच निकामी करणारा ‘आरडी१’ दोष मुळातच असतो. फलाट शोधायला लागणाऱ्या भिंतीवरच्या खुणा त्यांना दिसणार कशा?

म्हणून प्राथमिक तपासणी आधी. वजन, केस, मिशा, चाल बघून होतात. मग शेपटीला धरून उंदीर टेबलाकडे खाली आणायचा. नजर शाबूत असेल तर मिशा टेकण्याआधीच तो पुढचे पाय पसरतो. ‘टक्’ आवाजाला कान हलायला हवेत. जाळीचं झाकण उलटं धरलं तर धडधाकट उंदीर सहसा मिनिटभर लटकतो. वासासाठी भुशाखाली बिस्किटाचा तुकडा पुरतात, अर्थात उपाशी उंदरासाठी. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये मांडलेल्या ‘शिरपा’ पद्धतीत अशा चाचण्या तीन टप्प्यांत बसवल्या आहेत. कमी त्रासाच्या आधी, विजेच्या झटक्याच्या शेवटी, हा क्रम तर पाळायलाच हवा.

तरीही गफलत होतेच. १९९९ मध्ये पोर्टलंड, अल्बनी आणि एडमंटन इथल्या प्रयोगशाळांनी तेच वाण, तीच उपकरणं, तेच वेळापत्रक ठेवलं. काही चाचण्यांचे निकाल तरी वेगळे आले. एडमंटनच्या प्रयोगकर्त्याला उंदरांची तीव्र ॲलर्जी होती आणि त्याने सगळ्या चाचण्या श्वसन-मुखवटा लावून घेतल्या होत्या.