नवा टीव्ही, फाटका आवाज : कसूर कोठे आहे ते आधी शोधा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि ज्यांनी खरेदी लांबणीवर टाकली होती त्यांनी हात मोकळा केला. बोरीवलीत एस. व्ही. रोडवर काय आणि एल. टी. रोडवर काय, टेम्पोतून मोठमोठी चपटी खोकी उतरताना आम्ही दुकानात बसून पाहत होतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत गिऱ्हाइकांच्या तोंडून एकच तक्रार ऐकू येऊ लागली. चित्र झकास आहे, पण आवाज फाटतो. आम्ही धंद्याने कापडवाले, मेकॅनिक नव्हे. परंतु माल पारखणे हा आमचा रोजचा उद्योग आहे, आणि ओळखीच्या लोकांच्या अशा तक्रारी आम्ही त्यांच्या घरी किंवा कारखान्यात जाऊन, सेट लावून पाहिल्या आहेत. त्यातून जे हाती लागले ते आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवतो. सवाल पंचवीस-तीस हजारांचा असतो, आणि माल बदलून मिळण्याचे दिवस मोजके असतात.

आधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हाचे सेट लाकडी पेटीतले होते. पेटी खोल, स्पीकर मोठा, आणि बऱ्याच सेटांत त्याचे तोंड थेट बसलेल्या माणसाकडे. आजचा सेट बोटाएवढा जाड. त्यात स्पीकर बसवायचे ते लहान आणि चपटे, आणि पुढे जागा नसल्यामुळे बहुतेकांची तोंडे खाली किंवा मागे. आवाज आधी टेबलावर किंवा भिंतीवर आपटतो आणि मग आपल्या कानावर येतो. म्हणून नव्या सेटचा आवाज जुन्यापेक्षा पातळ वाटला तर तो बिघाड नव्हे. मलमल पातळ असते म्हणून तिला कोणी सदोष म्हणत नाही; मलमलीला भोक असेल तर मात्र ताका परत जातो. पातळ आवाज वेगळा आणि फाटका आवाज वेगळा, हा फरक ज्याने ओळखला त्याचे अर्धे काम झाले.

आवाज फाटतो म्हणजे नेमके काय होते? सेटमधील अॅम्प्लिफायरकडे त्याच्या ताकदीपेक्षा जास्त मागणी आली की आवाजाच्या लाटेचे वरचे शेंडे कापले जातात. कानाला ते खरखर म्हणून लागते. ही जादा मागणी सेटच्या आतून आली की बाहेरून, हे शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे एकच गोष्ट दोन-तीन वाटांनी ऐकून पाहणे. केबलवर बातम्या लावा. नंतर मोबाइलवरून किंवा टीव्हीच्या स्वतःच्या अॅपमधून कोणाचे तरी भाषण लावा. पेनड्राइव्ह असेल तर त्यातली एखादी ध्वनिफीत लावा. गाण्यापेक्षा साधे बोलणे बरे, कारण बोलण्यातला दोष कानाला लगेच कळतो. सर्व वाटांनी आवाज फाटत असेल तर शक सेटवर जातो. फक्त केबलवर फाटत असेल तर सेट बेकसूर आहे.

आमच्या परिचयाच्या एका शिलाई कारागिराचे असेच झाले. ४३ इंची सेट घेतला, तिसऱ्या दिवशी दुकानदाराशी भांडायला निघाला. आम्ही म्हटले, आधी पेनड्राइव्ह लावून पाहू. पेनड्राइव्हवर आवाज स्वच्छ! मग सेट टॉप बॉक्स पाहिला. तो जुना होता, लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीने जोडलेला, आणि जुन्या टीव्हीचा आवाज बसला होता म्हणून त्याने बॉक्सचा आवाज शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला होता. टीव्हीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंतच आवाज फाटलेला, मग टीव्ही तरी काय करणार? बॉक्सचा आवाज पाऊण भागावर आणला, उरलेला टीव्हीच्या रिमोटने वाढवला, आणि प्रश्न मिटला. ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर मुंबईत बॉक्सशिवाय केबल राहिली नाही, त्यामुळे हा अनुभव घरोघरी येण्यासारखा आहे. शक्य असेल तेथे बॉक्स एचडीएमआय वायरीने जोडावा.

आवाज तुटक येतो, आणि त्याच वेळी चित्राचेही चौकोनी तुकडे होतात, तर तो सिग्नलचा दोष समजावा. त्यासाठी सेट कंपनीचा माणूस बोलावणे म्हणजे दिवस फुकट घालवणे. पावसाळ्यात छत्रीवाल्यांना हे चांगले माहीत आहे. गोराई खाडीच्या बाजूला राहणाऱ्यांनी गच्चीवरील वायरीचे जोड पाहावेत. खाऱ्या हवेने पिनांना गंज चढतो.

आता सेटिंगबद्दल. दुकानात गर्दीचा गोंगाट असतो, तेथे सेट उठून दिसावा म्हणून आवाजाचे सर्व मसाले चढवून ठेवलेले असतात, आणि कधी कधी सेट तसाच घरी येतो. बास वाढवलेला, सराउंड चालू, आवाज आपोआप वर-खाली करणारी सोय चालू. लहान स्पीकरला बास झेपत नाही, तो घरघरतो. सराउंडमुळे बोलणे विहिरीतून आल्यासारखे पोकळ वाटते. आवाज आपोआप सारखा ठेवण्याच्या सोयीमुळे तो भरती-ओहोटीसारखा फुगतो आणि बसतो. आवाजाच्या मेन्यूत जाऊन प्रथम रिसेट करावे, साधा मोड ठेवावा, बास थोडा उतरवावा. घरात वृद्ध माणसे असतील तर बोलणे स्पष्ट करणारा मोड असतो तो लावावा. त्यांना बातम्या कळत नाहीत म्हणून आवाज चाळीसवर नेला जातो, आणि मग शेजारी दार वाजवतो. एवढे करून फरक पडला नाही तर प्लग काढून एक-दोन मिनिटे थांबावे, पुन्हा लावावे, आणि सेटच्या सॉफ्टवेअरचा नवा अपडेट आला आहे काय ते पाहावे.

कारखान्यांत टीव्ही लावणाऱ्या बांधवांसाठी वेगळी सूचना. सारखी 'हूं' अशी घुमणारी गुणगुण येत असेल तर केबलची गोल वायर टीव्हीतून किंवा बॉक्समधून क्षणभर काढून पाहा. गुणगुण थांबली तर दोष अर्थिंगचा आहे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अॅडाप्टरमध्ये खोचण्याची आपली सवय येथे नडते. शिलाई मशीनच्या मोटारीच्या बोर्डावरच टीव्ही जोडला असेल तर मोटार चालू-बंद होताना कटकट ऐकू येते. टीव्हीला वेगळा पॉइंट द्यावा, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. हे काम आवाजापुरते नाही, जिवाशी निगडित आहे.

खडखड होत असेल तर सेटवर हात ठेवून पाहा. हाताने खडखड थांबली तर ती आवाजाची नाही, वस्तूची आहे. भिंतीच्या ब्रॅकेटचा स्क्रू सैल असतो, शोकेसची काच थरथरते, किंवा नवा माल जपण्याच्या हौसेने खालच्या जाळीवरील प्लास्टिकची पट्टी तशीच ठेवलेली असते. एका घरी तर सेटखाली जाड झालरीचे कापड अंथरले होते, आमच्याच दुकानातले!

साउंडबार जोडला आणि आवाज दोनदा येऊ लागला, तर टीव्हीचा स्वतःचा स्पीकर चालूच राहिला आहे असे समजावे. मेन्यूत एकच निवडावा. साउंडबारमधून खरखर येते किंवा काहीच येत नाही, तेव्हा डिजिटल आवाजाचा प्रकार 'पीसीएम' करून पाहावा. जुन्या किंवा स्वस्त बारला डॉल्बीची भाषा समजत नाही. ब्लूटूथने जोडलेल्या बारमध्ये आवाज तुटत असेल तर वायरीने जोडून पाहावे.

इतके सर्व करूनही प्रत्येक वाटेने आवाज फाटतो, कमी आवाजावरही फाटतो, किंवा डाव्या-उजव्यापैकी एकच बाजू बिघडली आहे, तर माल सदोष आहे. अनेक सेटांत मदतीच्या मेन्यूत आवाजाची चाचणी असते, तिच्यात आलेली खरखर हा चांगला पुरावा. आमच्या घरी आलेल्या सेटचा उजवा स्पीकर असाच होता. कंपनीकडून आलेला मुलगा म्हणाला, सेटिंग आहे, वापरून पाहा. आम्ही त्याला चाचणी लावून दाखवली, मोबाइलवर तिचे चित्रण केले आणि त्याच्या कागदावर 'उजव्या बाजूस खरखर' असे लिहून घेतल्याशिवाय त्याला सोडले नाही. सहाव्या दिवशी सेट बदलून मिळाला. बदलून देण्याची मुदत सहसा सात ते दहा दिवसांची असते. ती उलटली की बदली नाही, फक्त दुरुस्ती. म्हणून पहिल्या दिवशीच तपासणी करावी आणि मुदत संपेपर्यंत खोका व थर्मोकोल भंगारवाल्याला देऊ नये.

बिल कोणाच्या नावावर फाडावे, याचाही विचार करावा. जीएसटीची वजावट मिळावी म्हणून काही व्यापारी घरचा टीव्हीही पेढीच्या नावावर घेतात. हा हिशेब अंगलट येऊ शकतो. अनेक वॉरंटी कार्डांवर व्यापारी वापर वगळलेला असतो, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे व्यापारी कारणासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही. मात्र स्वतः राबून पोट भरणाऱ्याने आपल्या रोजीरोटीसाठीच घेतलेली वस्तू या बंदीतून सुटते. कारागिरांनी हे लक्षात ठेवावे. ऑनलाइन घेतलेल्या मालाची तक्रार विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत नोंदवून घ्यावी आणि एका महिन्यात निकालात काढावी असा २०२० चा नियम आहे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करावा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि कंपनी कोणत्याही शहरातली असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते.

राहता राहिली एक तक्रार, ती म्हणजे जाहिरात लागली की आवाज एकदम अंगावर येतो. यात सेटचा कसूर नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम १९९४ मध्ये जाहिरात वाजवीपेक्षा मोठ्या आवाजाची नसावी असे लिहिलेले आहे, पण नियम कागदावर आणि रिमोट आपल्या हातात. आवाज सारखा ठेवणारी जी सोय आम्ही वर बंद करायला सांगितली, ती फक्त अशा वाहिन्या पाहताना चालू करावी.