एका संदेशाची किंमत

इंग्लंडमध्ये फुटबॉलचा हंगाम मे महिन्यात संपतो आणि ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू होतो. मधल्या काळात मैदाने ओस पडतात, पण क्लबांच्या कचेऱ्यांत त्याच वेळी खरी धामधूम चालते. खेळाडूंची खरेदी-विक्री होते, करार होतात आणि मोडतात. पुढील वर्षाचे यशापयश पुष्कळदा या उन्हाळ्यातच ठरून जाते. 2017 च्या उन्हाळ्यात लंडनच्या चेल्सी क्लबात जे घडले, ते या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

आदल्या वर्षी दहाव्या क्रमांकावर घसरलेला हा क्लब अंतोनिओ कॉन्ते या इटालियन प्रशिक्षकाच्या हाताखाली एकाच हंगामात प्रीमियर लीगचा अजिंक्यवीर ठरला होता. 38 पैकी 30 सामने जिंकून त्याने 93 गुण मिळवले. या यशात आघाडीचा खेळाडू दिएगो कोस्ता याच्या 20 गोलांचा वाटा होता. परंतु प्रशिक्षक आणि खेळाडू यांचे सूत जमत नव्हते. जानेवारीत, चिनी क्लबांच्या देकारांची चर्चा चालू असताना, लेस्टरविरुद्धच्या सामन्यातून कोस्ताला वगळण्यात आले. त्याच्यावाचूनही चेल्सीने तो सामना 3-0 असा जिंकला. पुढे जूनमध्ये कोस्ताने वार्ताहरांना सांगून टाकले की, आगामी हंगामाच्या योजनेत आपल्याला स्थान नसल्याचे प्रशिक्षकाने भ्रमणध्वनीवर संदेश पाठवून कळवले आहे.

गरज उघड झालेल्या माणसाला बाजारात भाव मिळत नाही, हे मंडईत भाजी घेणाऱ्या गृहिणीलाही ठाऊक असते. या एका संदेशाने चेल्सीची गरज दोन्ही अंगांनी उघडी पडली. कोस्ता क्लबला नको आहे, हे गिऱ्हाइकांना कळले आणि क्लबला नवा आघाडीवीर तातडीने हवा आहे, हे विक्रेत्यांना कळले. रोमेलू लुकाकू हा क्लबचाच माजी खेळाडू मँचेस्टर युनायटेडने पळवला. मग रेआल माद्रिदकडून आल्वारो मोराता याला घेण्यासाठी चेल्सीला आपल्या इतिहासातील तोवरची सर्वांत मोठी रक्कम मोजावी लागली. बचावासाठी रुडिगर, मधल्या फळीसाठी बाकायोको हेही आले, पण अनुभवी मातिच प्रतिस्पर्धी मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. 12 ऑगस्टला घरच्या मैदानावर हंगामाचा पहिला सामना झाला. त्यात दोन खेळाडू बाहेर काढले गेले आणि बर्नलीने अजिंक्यवीरांना 3-2 असे हरवले. कोस्ता तेव्हा ब्राझीलमधील लागार्तो या आपल्या गावी होता.

शिस्तीच्या प्रश्नात प्रशिक्षकाची बाजू सर्वस्वी दुबळी होती असे नाही. एका तारांकित खेळाडूची मर्जी सांभाळण्यासाठी उरलेल्या चमूची शिस्त पणाला लावणे कोणत्याही प्रमुखाला परवडत नाही. पण येथे एक पेच आहे. कारखान्यात यंत्र मालकाचे असते आणि श्रम मजुराचे. फुटबॉलमध्ये मात्र खेळाडू हा श्रमिकही असतो आणि क्लबच्या हिशेबवहीतील मत्ताही. त्याच्यासाठी मोजलेली रक्कम कराराच्या वर्षांवर वाटून घसाऱ्याप्रमाणे खर्ची टाकली जाते. खेळवावे की वगळावे, हा अधिकार प्रशिक्षकाचा. पण त्या मत्तेचा मालक क्लब. ज्याच्या हाती विक्री नाही त्याने वस्तू टाकाऊ ठरवली, तर नुकसान दुसऱ्याचे होते.

पण ही मत्ता सजीव आहे, तिला मान आणि मत असते. कारकुनाच्या वा शिक्षकाच्या हाती बदलीचा हुकूम पडला की त्याला बिऱ्हाड हलवावे लागते. फुटबॉलपटूची बदली त्याच्या संमतीवाचून होत नाही. कोस्ताला आपल्या जुन्या आत्लेतिको माद्रिद क्लबातच जायचे होते आणि नव्या खेळाडूंची नोंदणी करण्यास त्या क्लबला जानेवारी 2018 पर्यंत मनाई होती. त्यामुळे दोन्ही पक्ष अडून बसले आणि क्लबचा अव्वल गोलवीर निम्मा हंगाम कोणासाठीच खेळला नाही.

हिशेबवही पाहिली तर तोटा दिसत नाही. 2014 मध्ये सुमारे 3 कोटी 20 लाख पौंडांना घेतलेला कोस्ता अखेर सुमारे 5 कोटी 70 लाखांना विकला गेल्याचे वृत्तपत्रांनी दिले. गुणतक्ता मात्र वेगळे सांगतो. चेल्सी 70 गुणांसह पाचव्या स्थानी आली आणि चॅम्पियन्स लीगमधील प्रवेश हुकला. मोराताला लीगमध्ये 11 गोल करता आले. युरोपीय सामन्यांचा वाढलेला ताण ध्यानात घेता सारा दोष एका संदेशावर लादणे अन्यायाचे होईल. तथापि एफए कप जिंकूनही जुलै 2018 मध्ये कॉन्ते यांना जावे लागले. न्यायाधिकरणासमोरील दाव्यात त्यांना सुमारे 90 लाख पौंड मिळाले आणि प्रशिक्षकवर्गातील या बदलापोटी क्लबने आपल्या हिशेबात एकूण 2 कोटी 66 लाख पौंडांचा खर्च दाखवला.

संस्था लहान असो वा मोठी, माणसाला दूर करण्याचा प्रसंग कधीतरी येतोच. तो निर्णय अधिकार असलेल्याने, समोरासमोर बसून आणि पर्याय हाती आल्यावर सांगितला, तर माणसाचा मान राहतो आणि संस्थेचा पैसाही वाचतो. मनुष्यव्यवहारातील सभ्यता हा खर्चाचा विषय आहे, अशी समजूत अनेक व्यवस्थापनांत रूढ आहे. चेल्सीच्या त्या उन्हाळ्याचा ताळेबंद पाहिला, तर ती बचतीची बाब ठरते.