सर्व्हर बंद करण्याचा अधिकार : वीस वर्षांचा मागोवा

2005 नंतरची काही वर्षं ठाणे, कल्याण, डोंबिवलीत भारनियमनाचं वेळापत्रक पाहून कामं आखावी लागत. त्याच काळात अनेक लहान कार्यालयांत, दवाखान्यांत, शाळांत लिनक्सचा सर्व्हर येऊन बसला; लायसन्सचा खर्च नव्हता आणि जुन्या यंत्रावरही तो चालत होता. वीज गेली की यूपीएस थोडी मिनिटं तग धरणार, आणि यंत्र रीतसर बंद करू शकणारा माणूस नेमका लोकलमध्ये किंवा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे. यंत्राजवळ असायचे ते अकाउंटंट, रिसेप्शनिस्ट, शिपाई. वीस वर्षांत तंत्र पुष्कळ पुढे गेलं, पण ही परिस्थिती फारशी बदललेली नाही. म्हणूनच यंत्राजवळच्या माणसाला बंद करण्याचा अधिकार द्यायलाच हवा, आणि तेवढाच द्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

त्या काळी दोन मार्ग रूढ होते आणि दोन्ही चुकीचे. एक म्हणजे रूटचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून ठेवणं, म्हणजे दिवा मालवायला सांगून घराच्या सगळ्या किल्ल्या हातात देणं. दुसरा म्हणजे 'हात लावू नका' अशी ताकीद, जिचा शेवट प्लग उपटण्यात होई. 2001 च्या अखेरीस लिनक्सच्या कर्नलमध्ये आलेल्या ईएक्सटी3 या जर्नल ठेवणाऱ्या फाईल सिस्टमने, वीज अचानक गेली तरी काही बिघडत नाही, हा गैरसमज वाढवला. जर्नलमुळे फाईल सिस्टमचा सांगाडा वाचतो, तासन्‌तासांची तपासणी टळते, हे खरं. पण अर्धवट लिहिली गेलेली बिलाची नोंद त्याने पुरी होत नाही.

नेमका, अरुंद अधिकार देण्याची कल्पना मात्र जुनी आहे. रेड हॅटच्या पासवर्ड फाईलमध्ये 'शटडाऊन' नावाचं खातं वर्षानुवर्षं आहे आणि त्याचं शेल म्हणजे शटडाऊन हाच प्रोग्रॅम. 'सुडो' तर 1980 च्या सुमारास बफेलोच्या विद्यापीठात जन्मला. त्यात एका गटाला एकच आज्ञा, पूर्ण पत्त्यासह आणि ठरलेल्या शब्दांसह, देता येते. इथे हलगर्जीपणा महागात पडतो: शब्द न बांधता सिस्टमडीची (सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीची) 'सिस्टमसीटीएल' ही आज्ञा नुसती मोकळी सोडली, तर तो माणूस कुठलीही सेवा बंद करू शकतो, आणि जुन्या आवृत्त्यांत स्थिती दाखवणाऱ्या पडद्यातून थेट रूटचं शेलही उघडता येत असे. सर्वांत सोपी वाट पॉवर बटणाची. सिस्टमडी असलेल्या यंत्रावर ते एकदा दाबून सोडलं की सेवा क्रमाने थांबतात. चार-पाच सेकंद दाबून धरलं तर वीज तोडल्यासारखंच होतं. 'एकदाच दाबा, धरून ठेवू नका' एवढी चिठ्ठी बटणाशेजारी पुरते.

यावर आक्षेप येतात. दुसऱ्याचं काम चालू असताना कोणी बंद केलं तर? शटडाऊनला पाच मिनिटांची मुदत देता येते, सर्वांना सूचना जाते, रद्दही करता येतं. आणि सुडोच्या नोंदीत आज्ञा देणाऱ्याचं नाव राहतं, अर्थात प्रत्येकाचं खातं वेगळं असेल तर. यूपीएसच यंत्राला बंद करायला सांगेल, मग माणूस कशाला? 'नट'सारखी साधनं ते काम चांगलं करतात, पण बॅटरी म्हातारी झाली की भरलेली दिसते आणि भार येताच बसते. लांबून बंद करता येईल, हाही भरवसा अपुरा. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी कळवा-पडघे परिसरातल्या वाहिन्यांच्या बिघाडाने मुंबई-ठाण्याची वीज गेली आणि लोकलही थांबल्या. अशा वेळी इंटरनेट चालू राहील आणि इंजिनियर पोहोचेल, या दोन्ही गृहीतकांवर विसंबता येत नाही.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. बंद करता येतं म्हणून लोक अडलेलं यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतात, आणि अशा रीस्टार्टने लक्षण जातं, रोग राहतो. डेटाबेस रोज दुपारी अडकतो आणि रोज कोणीतरी यंत्र पुन्हा सुरू करतं, तेव्हा कारण महिनोन्‌महिने कुणाच्या नजरेस येत नाही. त्यामुळे सिस्टमडीच्या नोंदींचा जर्नल डिस्कवर टिकेल अशी सोय आधी करावी आणि दर रीस्टार्टचा निरोप इंजिनियरला आपोआप जावा. आणि जो सर्व्हर आता क्लाऊडवर गेला आहे, त्यावर फक्त रीस्टार्ट द्यावा, शटडाऊन नाही. तिथे बंद पडलेलं यंत्र पुन्हा सुरू करायला कोणाच्याही हाताशी बटण नसतं.