डायलिसिस घरच्या घरी. पण हिमोग्लोबिनवर लक्ष कुणाचे?

जुन्नर तालुक्यातील निमगाव सावासारख्या गावातून आठवड्याला तीनदा डायलिसिस केंद्र गाठायचे, चार तास मशीनला जोडून राहायचे आणि परतायचे, यात रुग्णाचा आणि सोबत जाणाऱ्याचा निम्मा आठवडा जातो. पोटाचे डायलिसिस म्हणजेच पेरिटोनियल डायलिसिस ही फेरी वाचवते. पोटात बसवलेल्या नळीतून साधारण दोन लिटर द्रव आत सोडायचा, चार-सहा तासांनी काढून टाकायचा. दिवसातून तीन-चार वेळा, सगळे घरीच. पण फेरीबरोबर आणखी एक गोष्ट सुटते. केंद्रात दर आठवड्याला रुग्णाला पाहणारी, इंजेक्शनची आठवण ठेवणारी नर्स घरी नसते. त्यामुळे रक्तक्षय नजरेआड राहू शकतो.

किडनी बिघडली की रक्त का कमी होते?

किडनी फक्त गाळणी नाही. रक्तात ऑक्सिजन किती आहे, हे ओळखणारा सेन्सरही तिच्यात असतो. ऑक्सिजन कमी पडला की ती एरिथ्रोपोएटिन हे हार्मोन सोडते आणि हाडांतील मगज लाल पेशी तयार करू लागतो. किडनी निकामी झाली की हा निरोपच थांबतो. डायलिसिस रक्तातील कचरा काढते, हार्मोन बनवत नाही. शिवाय एरवी सुमारे १२० दिवस जगणाऱ्या लाल पेशी या आजारात लवकर मरतात.

पोटाच्या डायलिसिसमध्ये मशीनच्या नळ्यांत रक्त वाया जात नाही, त्यामुळे इंजेक्शनची गरज अनेकदा कमी लागते. ही जमेची बाजू खरी. मात्र थकवा, धाप, छातीत धडधड ही लक्षणे ‘डायलिसिस चालू आहे, असे होणारच’ म्हणून अंगावर काढली जातात आणि हृदयावरचा ताण वाढत राहतो.

बीट, खजूर, गूळ पुरेसे का नाहीत?

कारण अडचण केवळ आहारातील लोहाची नसते. शरीरात सूज किंवा संसर्ग असला की हेपसिडिन नावाचा घटक वाढतो. तो आतड्यातून लोह शोषू देत नाही आणि साठ्यातले लोह बाहेर पडू देत नाही. म्हणजे तिजोरीत पैसा आहे, पण कुलूप लागलेले. अशा वेळी शिरेतून लोह द्यावे लागते. मशीनवरच्या रुग्णाला ते त्याच नळीतून मिळते. पोटाच्या डायलिसिसवरील रुग्णाला त्यासाठी वेगळी फेरी मारावी लागते. पुढे फिस्टुला करावा लागला तर हाताच्या शिरा शाबूत हव्यात, म्हणून सुई कुठे टोचायची हेही जपावे लागते.

बाहेर येणारा द्रव गढूळ दिसला, पोट दुखू लागले तर तो पोटातील संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. संसर्ग राहिला तर एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शनही नीट काम करत नाही.

‘रक्ताची एक बाटली चढवून टाका’ हा सोपा वाटणारा मार्ग प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्यांना महागात पडू शकतो. दुसऱ्याच्या रक्तामुळे शरीरात अँटिबॉडी तयार होऊन जुळणारी किडनी मिळणे कठीण होते.

हिमोग्लोबिन किती हवे?

निरोगी माणसाइतके नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॉयर’ अभ्यासात किडनीच्या रुग्णांचे हिमोग्लोबिन १३.५ पर्यंत नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा ११.३ चे लक्ष्य ठेवलेल्या गटापेक्षा हृदयविकाराच्या गंभीर घटना आणि मृत्यू अधिक आढळले. हे रुग्ण तेव्हा डायलिसिसवर नव्हते, पण धडा डायलिसिसवरील उपचारांनीही घेतला. आता ते साधारण १० ते ११.५ दरम्यान ठेवतात. इंजेक्शन सुरू असेल तर महिन्याला हिमोग्लोबिन आणि दर तीन महिन्यांनी लोहाची तपासणी केली जाते. या इंजेक्शनने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तोही मोजून वहीत लिहून ठेवलेला बरा.

गावात खरी कसोटी फ्रीजची. इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. गोठले तरी वाया, तापले तरी वाया. शहरातून दुचाकीवर आणताना बर्फाचा डबा लागतो, पण बर्फ इंजेक्शनला थेट टेकू द्यायचा नाही. घरी वीज बराच वेळ गेली तर ते वापरण्याआधी औषध दुकानदाराला किंवा डॉक्टरांना विचारावे.

शरीर ऑक्सिजनची कमतरता कशी ओळखते, या शोधाला २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच ज्ञानावर आधारलेल्या डेसिड्युस्टॅट या गोळीला भारतात २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. ती कुणाला द्यायची, हे किडनीतज्ज्ञ ठरवतात. सुई टळली तरी महिन्याची रक्ततपासणी टळत नाही.