वास येत नाही, म्हणजे धोका नाही?

दसरा जवळ आला की बारामती-इंदापूर पट्ट्यात साखर कारखान्यांच्या बॉयलरची गडबड सुरू होते. शिवनगरचा माळेगाव असो, भवानीनगरचा छत्रपती असो की बिजवडीचा कर्मयोगी, बॉयलरच्या नळ्या साफ कराव्या लागतात, कायद्याने ठरलेली तपासणी उरकावी लागते आणि मगच अग्निप्रदीपनाचा नारळ फुटतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत थंडी पडते आणि ऊस घालणाऱ्या सभासदांच्या घरी गॅस गिझर सुरू होतात. त्यांची साफसफाई, तपासणी? विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘कशाला? गॅसचा वास तर येत नाही!’

हे उत्तर ऐकून ऐकून मेकॅनिकही वैतागतात, आणि त्यांचा वैताग रास्त आहे. एलपीजीला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. म्हणजे वास येतो तो न जळलेल्या गॅसचा. गॅस पेटला की मरकॅप्टनही जळून जातं. गिझरने माणूस दगावतो तो बहुतेक वेळा गळतीने नव्हे, तर अर्धवट ज्वलनातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने. या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत की ठसकाही लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. नाकावर विसंबून त्याचा पत्ता लागणं शक्यच नाही.

दुसरं आवडतं वाक्य म्हणजे ‘सिलिंडर बाहेर ठेवलाय’. सिलिंडर बाहेर, पण गॅस जळतो कुठे? मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला साधारण साडेदहा किलोवॉट उष्णता लागते. शेगडीचा मोठा बर्नर साधारण 2 किलोवॉटचा. थोडक्यात, पाच शेगड्या पेटवून, दार लावून, आत अंघोळ चाललेली असते. एक घनमीटर एलपीजी नीट जळायला पंचवीस-तीस घनमीटर हवा लागते, आणि थंडी आत येऊ नये म्हणून खिडकीच्या झरोक्यात पुठ्ठा कोंबलेला असतो. जुना तांब्याचा बंब डोळ्यांतून पाणी काढायचा हे खरं, पण तो अंगणात असायचा. गिझरची जागाही न्हाणीघराबाहेर, वाहत्या हवेत आहे.

आत बेशुद्ध पडलेला माणूस सापडला की घरचे म्हणतात, ‘फिट आली.’ मग नाकाला कांदा नाहीतर चप्पल. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत ‘गॅस गिझर सिंड्रोम’ या नावाने अशा रुग्णांची नोंद आहे. त्यांपैकी काहींना आकडी आलेली असते, त्यामुळे अपस्माराचा संशय सहज येतो. कोविडनंतर घरोघरी आलेला ऑक्सिमीटर तर इथे चक्क फसवतो: कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनचंच वाटतं आणि आकडा 98 दिसतो. खरं निदान रक्तातल्या कार्बॉक्सिहिमोग्लोबिनच्या तपासणीने होतं. म्हणून दार-खिडक्या उघडून गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, 108 ला फोन करा आणि ‘घरात गॅस गिझर सुरू होता’ हे डॉक्टरांना आधी सांगा.

आता साफसफाई. नळाला पांढरा थर धरणारं बोअरचं पाणी गिझरच्या तांब्याच्या कॉइललाही सोडत नाही. तापल्यावर त्यातला कॅल्शियम बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन आत साचतो, पाण्याची धार बारीक होते आणि तेवढ्याच पाण्याला जास्त गॅस लागतो. पण त्याहून घातक असते ती बाहेरची बाजू. कॉइलच्या पातळ पात्यांत काजळी बसते, बर्नरच्या भोकांत धूळ आणि कोळ्याची जाळी अडकतात, हवेची वाट तुंबते आणि ज्वलन अर्धवट राहतं. कव्हर काढून वर्षातून एकदा हे सगळं मेकॅनिककडून ब्रशने झाडून घ्यायचं, थंडीच्या आधी.

बाकीचे समज झटपट. बॅटरी बदलली की सर्व्हिसिंग झालं? बॅटरी ठिणगी पाडते, साफसफाई करत नाही. ज्योत निळी आहे? पिवळी ज्योत नक्की बिघाडाची खूण, पण बंद खोलीत निळी ज्योतही हवा खातेच. एक्झॉस्ट फॅन आहे? बाहेरची हवा आत यायला वाट नसेल, तर तो जळका वायू उलटा खोलीतच ओढू शकतो. टॉयलेटचं अॅसिड कॉइलमध्ये ओतलं की क्षार निघतात? निघतात, पण ते अॅसिड तांबंही खातं. रबरी नळी ‘अजून चांगली दिसते’? सुरक्षा होजची मुदत पाच वर्षांची असते आणि तारीख नळीवरच छापलेली असते. आणि वास खरोखरच आला, तर तो गळतीचा: बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद करायचा, दारं उघडायची आणि घराबाहेर येऊन 1906 ला फोन लावायचा.